माशाच्या पिल्लाचा पहिला घास

मृग-आर्द्राचा पाऊस लागला, शेततळी भरू लागली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मत्स्यजिऱ्यांची मागणी सुरू होते. रोहू, कटला, मृगळ यांची अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्ले जिऱ्याच्या दाण्याएवढी दिसतात, म्हणून त्यांना जिरे म्हणतात. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हजारोंच्या हिशेबाने ती विकत मिळतात. कुणी बचत गटाकडून पैसे उचलतो, कुणी बायकोचे डोरले गहाण ठेवतो आणि लाखभर जिरे तळ्यात सोडतो. पंधरा दिवसांनी जाळे ओढले की हाती येतात बेडकांची पिल्ले, पाणकिडे आणि मूठभर मासळी. मेलेले जिरे वर तरंगतही नाहीत. इतका नाजूक जीव दोन दिवसांत पाण्यात विरून जातो. मग माणूस म्हणतो, बीजच खोटे निघाले.

कधी कधी बीज खोटे निघतेही. पण बहुतेक वेळा जिरे उपाशी मेलेले असतात. तळ्यात पाणी भरपूर असते, पिल्लांच्या तोंडात मावेल असे अन्न नसते. आणि ते अन्न का नसते याचे उत्तर पाण्यातच असते. या लेखात तेवढाच विषय घेतला आहे. मोठ्या माशांची पेंड, जाळी, बाजारभाव यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. पहिल्या चार दिवसांबद्दल फारसे कोणी सांगत नाही, आणि गरिबाचे पैसे बुडतात ते त्याच चार दिवसांत.

अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटाशी पिवळ्या बलकाची शिदोरी असते. ती साधारण तीन दिवस पुरते. केंद्रावरून जिरे विकले जातात तेव्हा ही शिदोरी संपत आलेली असते. म्हणजे तुमच्या तळ्यात पिल्लू उतरते ते भुकेलेच. त्याचे तोंड इतके बारीक की पेंडीची भुकटीही त्याला जड. शिवाय त्याची आतडी अजून तयार व्हायची असतात. त्याला हवा असतो जिवंत, हलणारा, मऊ घास. तान्ह्या लेकराला भाकरी चालत नाही, दूधच लागते, तसेच हे आहे.

हा घास म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. त्यात सर्वांत लहान रोटिफर. त्याची लांबी मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असते. डोक्यावर बारीक केसांचे चक्र असते आणि ते फिरवून तो हिरवे कण तोंडात ओढतो. त्याहून मोठी मॉयना, अर्धा ते एक मिलीमीटरची. तिची थोरली बहीण डॅफ्निया. पाण्यात पिसवांसारख्या उड्या मारीत चालतात म्हणून या दोघींना पाणपिसवा म्हणतात. काचेच्या ग्लासात तळ्याचे पाणी घेऊन उन्हाकडे धरले तर पाणपिसवा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रोटिफर मात्र धुळीच्या कणांसारखे भासतात.

यांचा संसार मोठा गमतीचा आहे. पाणी चांगले असेपर्यंत सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवायच वंश वाढवतात. कोमट पाण्यात मॉयना चार-पाच दिवसांत आई होते, रोटिफर तर एक-दोन दिवसांत. म्हणून योग्य पाण्यात आठवड्याभरात तळे त्यांनी भरून जाते. पाणी बिघडू लागले, दाटी झाली, अन्न आटले की मग नर जन्मतात आणि जाड कवचाची टणक अंडी तयार होतात. ही अंडी चिखलात वर्षानुवर्षे पडून राहू शकतात. पुन्हा पाणी आले, ते मानवले, की त्यातून नवी पिढी निघते.

पाणी मानवले पाहिजे, ही अट मात्र पक्की आहे. या अटीचा सर्वांत मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे.

लोणारचे पाणी काय शिकवते

लोणारचे विवर जगाला माहीत आहे. उल्का आदळून काळ्या पाषाणात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा झाला आणि त्याच्या तळाशी सरोवर साठले. शाळेच्या सहली तिथे जातात, देवळे बघतात, वांगी-भाकरी खाऊन परत येतात. पाण्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पावसाबरोबर आणि झऱ्यांबरोबर क्षार आत येतात, ऊन पाणी उडवून नेते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हे चालले आहे. त्यामुळे पाणी नुसते खारट नाही, ते सोड्याचे झाले आहे. पूर्वी येथून सोडा काढून साबण आणि काचेच्या कामासाठी नेत असत.

पाणी आंबट की सोड्याचे हे ज्या आकड्याने सांगतात त्याला सामू म्हणतात. इंग्रजीतला पीएच तो हाच. सात म्हणजे मधला, सातच्या खाली आंबट, सातच्या वर सोड्याकडे. हा आकडा एकाने वाढला की फरक दहापट होतो, हे लक्षात ठेवावे. लोणारच्या सरोवराचा सामू अनेक वर्षांच्या तपासण्यांत साडेनऊ ते साडेदहाच्या आसपास मिळत आला. रोहू-कटल्याच्या जिऱ्याला साडेसात ते साडेआठ मानवतो. साडेनऊच्या पाण्यात त्याचे कल्ले भाजल्यासारखे होतात.

आणि तरीही ते पाणी मेलेले नाही. त्याला जो दाट हिरवा रंग येतो तो स्पिरुलिना नावाच्या शेवाळाचा. ज्या शेवाळाच्या गोळ्या शहरात औषधांच्या दुकानात महाग मिळतात, तेच हे. जिथे गोमुखाची किंवा दुसऱ्या एखाद्या झऱ्याची गोड धार तळ्याला मिळते तिथे सामू उतरतो आणि गोड्या पाण्यातले जीव दिसू लागतात. चार पावले आत गेले की ते संपतात आणि सोड्याचे पाणी सोसणाऱ्यांचे राज्य सुरू होते. एकच सरोवर, एकच ऊन, एकच पाऊस, पण पाण्याची जात बदलली की त्यातली वस्ती बदलते.

2020 च्या जूनमध्ये हे सरोवर एकाएकी गुलाबी झाले. कुणी म्हणाले अवकृपा झाली, कुणी चमत्कार म्हणून हात जोडले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि सांगितले की पाणी आटून खारेपणा वाढला, त्यामुळे मीठ आवडणारे गुलाबी सूक्ष्मजंतू फोफावले. पाऊस पडून पाणी वाढल्यावर रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा जाहीर झाला. ज्यांना कार्यकारणभाव शोधण्याची शिकवण मिळाली आहे, त्या आपल्या घरांत तरी ही घटना मुलांना अशीच सांगितली जावी.

आफ्रिकेतील केनिया देशात नाकुरू नावाचे असेच सोड्याचे सरोवर आहे. तिथे मासा नव्हता. 1950 नंतर डासांच्या बंदोबस्तासाठी दुसऱ्या सोड्याच्या सरोवरातील एक लहान मासा आणून सोडला. तो टिकला, वाढला, आणि त्याच्यामागे पाणकोळी पक्षी आले. त्या माशाची जात पिढ्यान्‌पिढ्या तशाच पाण्यात घडली होती, म्हणून हे जमले. आपल्या रोहूला ते जमायचे नाही. आणि लोणारात असला उद्योग कुणी हौसेनेही करू नये. तो ठेवा जसा आहे तसा राहू द्यावा.

घाटावर आणि घाटाखाली

लोणारचे उदाहरण टोकाचे झाले. पण त्याची लहान लहान रूपे आपल्या विहिरी-बोअरमध्ये आहेत. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन भागांत बोलला जातो. पाण्याच्या बाबतीतही ते खरे आहे.

घाटावर, म्हणजे चिखली, बुलढाणा, मेहकर, देऊळगाव राजाकडे, काळा पाषाण. तिथले बोअरचे पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. असे पाणी पाणपिसवांना वाईट नाही, उलट त्यांच्या कवचाला चुना लागतोच. फक्त खोल बोअरचे पाणी उपसल्याबरोबर त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. ते उंचावरून धार सोडून तळ्यात घ्यावे आणि दोन-तीन दिवस ऊन-वारा लागू द्यावा. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत तळ्यात चुना टाका असे सर्रास लिहिलेले असते. ते आंबट मातीच्या मुलखासाठी आहे. आपल्या काळ्या मातीत सामू आधीच आठाच्या आसपास असतो. न मोजता चुना टाकणे म्हणजे पैसे देऊन पाणी बिघडवणे होय.

घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांतील कितीतरी गावे त्यात येतात. तिथल्या भूगर्भातले पाणी खारट. पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडांचे काय होते ते त्या गावांतील घरे जाणतात, आणि टँकरची वाट पाहण्यात कुणाच्या बायकांचा दिवस जातो तेही सर्वांना ठाऊक आहे. या खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याच्या मॉयना-डॅफ्निया वाढत नाहीत, वाढल्या तरी लवकर टणक अंडी घालून थांबतात. खारपाणपट्ट्यात जिरे वाढवायचे असतील तर पावसाचे किंवा कालव्याचे पाणी धरावे. शेततळ्यात पावसाचे पाणी असेल तर ते बोअरने भरून काढण्याचा मोह टाळावा. एका रात्रीत खारेपणा चढला की आधी पिसवा जातात, मागोमाग जिरे.

खाऱ्या पाण्याचेही स्वतःचे जीव आहेत. मीठ सोसणारी रोटिफरची एक जात समुद्री माशांच्या पिल्लांना जगभर घातली जाते. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. जपानमध्ये वाम माशांच्या तळ्यांत हे रोटिफर अतोनात वाढत, हिरवे पाणी एकाएकी पांढुरके होई आणि प्राणवायू संपून मासे गुदमरत. शेतकरी त्यांना शाप देत. 1960 च्या सुमारास तिथल्या अभ्यासकांनी त्याच रोटिफरांना पिल्लांचे अन्न म्हणून वाढवायला घेतले आणि समुद्री माशांच्या बीजोत्पादनाची वाट मोकळी झाली. आर्टेमिया नावाचा दुसरा खारा जीव मिठागरांत होतो. त्याची वाळलेली अंडी डब्यांतून विकतात. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरातून ती जगभर जातात. मिठाच्या पाण्यात, उजेडात, हवेचे बुडबुडे सोडून ठेवली की चोवीस तासांत पिल्ले निघतात. डबा महाग असतो. आपल्या तळ्यासाठी त्याची गरज नाही. शेणखत आणि शहाणपण पुरते.

सकाळचे पाणी, दुपारचे पाणी

आता तळ्याचा हिशेब पाहू. वीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद, म्हणजे साधारण तीन गुंठ्यांचे तळे धरा. जिरे वाढवायला पाणी कमरेएवढेच हवे, एक ते सव्वा मीटर. खोल शेततळे पूर्ण भरून त्यात जिरे सोडणे चुकीचे आहे, कारण खालचे पाणी थंड आणि प्राणवायूविना राहते. हेक्टरी दहा हजार किलो कच्चे शेण असे संगोपन तलावाचे प्रमाण सांगतात. आपल्या तळ्याला ते तीनशे किलो झाले. ते एकदम ओतू नये. निम्म्याहून थोडे अधिक आधी द्यावे, उरलेले पाण्याचा रंग बघून. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याला मातीचा आधार नसतो. तिथे थोडे थोडे खत वरचेवर लागते.

शेण पडले की आधी सूक्ष्मजंतू वाढतात, मग हिरवे शेवाळ, मग तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रोटिफर, त्यांच्यामागून पाणपिसवा, आणि सर्वांत शेवटी सायक्लॉप्स. जिरे सोडण्याची वेळ रोटिफर दाटले आणि पिसवा येऊ लागल्या त्या दिवसाची. साधारण पाचवा ते सातवा दिवस. उशीर झाला तर सायक्लॉप्सचे राज्य येते आणि तो उलट जिऱ्यांनाच टोचतो. हा सायक्लॉप्स आपल्या आजी-आजोबांचा जुना वैरी आहे. नारूचा जंतू याच्याच पोटातून माणसात जात असे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे आणि पायातून हातभर दोरा निघेपर्यंत सोसायचे, ही पिढी अजून पूर्ण गेलेली नाही. पाणी कापडाने गाळून प्यावे एवढ्या साध्या उपायाने आणि मोहिमेने तो रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात नोंदला गेला आणि 2000 साली भारत नारूमुक्त ठरला.

तेच गाळण्याचे कापड इथेही कामाला येते. नायलॉनच्या जुन्या साडीचे बारीक विणीचे कापड घेऊन शंकूसारखी पिशवी शिवावी, खाली लहान बाटली बांधावी. तळ्यात चार-पाच ठिकाणचे मिळून पन्नास लिटर पाणी त्यातून गाळावे. बाटलीत चिमूटभर मीठ टाकले की जीव तळाशी बसतात. तो थर एक ते दोन मिलीलिटर भरला तर तळ्यात अन्न आहे. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाच्या झाकणाने किंवा सुईविना सिरिंजने हे मोजता येते. बारीक रोटिफर या कापडातून निसटतात, म्हणून थर थोडा कमी भरला तरी घाबरू नये. काहीच भरला नाही तर मात्र जिरे आणू नयेत, आगाऊ पैसे दिले असले तरी.

रंगही बोलतो. हात कोपरापर्यंत बुडवावा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. स्वच्छ दिसला तर पाण्यात अन्न नाही. मनगटाच्या पुढेच दिसेनासा झाला तर खत जास्त झाले. फिकट हिरवट-तपकिरी पाणी चांगले. गडद हिरवे, वर साय धरलेले, वास येणारे पाणी धोक्याचे. आणखी एक खूण फार उपयोगाची आहे. पाण्यात प्राणवायू कमी पडला की डॅफ्निया आणि मॉयना लाल होतात. आपल्या रक्तात जे तांबडे द्रव्य असते तेच त्या अधिक तयार करतात, म्हणजे थोड्या प्राणवायूवर भागावे. पुष्कळ लोक लाल पिसवा पाहून खूष होतात. जिऱ्यांना त्या चालतात, पण तुमच्या तळ्याचा श्वास कोंडला आहे हा निरोपही त्यांनी दिलेला असतो.

पाणी एका दिवसात दोनदा बदलते, हे ध्यानात येत नाही म्हणून पुष्कळ नुकसान होते. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते आणि पाण्यातला कर्बवायू ओढून घेते. त्यामुळे दुपारी तीन-चारला सामू चढतो, कधी नऊच्या पुढेही. रात्री शेवाळही श्वास घेते, म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी. सकाळी दहाला एकदा कागद बुडवून पाहिला आणि सगळे ठीक आहे म्हटले, तर दोन्ही धोके निसटतात. मोजणी पहाटे एकदा आणि दुपारी एकदा करावी.

दुपारचा चढलेला सामू एकटा येत नाही, अमोनियाला घेऊन येतो. शेण आणि पेंड कुजली की अमोनिया होतो. जनावरांच्या गोठ्यात डोळे झोंबतात तो वास त्याचाच. पाण्यात त्याची दोन रूपे असतात, एक फारसे न बाधणारे आणि एक विषारी. सामू सात असताना शंभरात एक हिस्साही विषारी नसतो. आठ झाला की उन्हाळी-पावसाळी कोमट पाण्यात सहा-सात हिस्से, आणि नऊ झाला की चाळीसच्या आसपास. म्हणजे शेण तेवढेच, पाणी तेवढेच, पण सामू वाढताच विष कैक पटींनी वाढले. रोटिफरांची वाढ आधी थांबते, पिसवा मग मरतात, आणि जिरे उपाशी राहून आणि भाजून, दोन्हीकडून जातात. हिरवेपणा वाढताना दिसला की खत थांबवावे, थोडे पाणी बदलावे. आणखी शेण टाकून अन्न वाढेल ही समजूत सोडावी.

याच हिशेबात सोडण्याचे प्रमाण सांगून टाकतो. तीन गुंठ्यांत नव्वद हजार ते दीड लाख जिरे. चांगल्या देखरेखीत पंधरा दिवसांनी तीस ते पन्नास टक्के मिळाले तर काम उत्तम झाले समजावे. पिशवी आणल्यावर पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवावी, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यावे.

फवारणीचा पंप

आपल्याकडे सर्वांत मोठे संकट मात्र खताचे नाही. ते कपाशीच्या आणि सोयाबीनच्या फवारणीचे आहे. पाणपिसू हा कीटकांचा दूरचा नातलग. कीटकनाशकाच्या ज्या अंशाने मोठा मासा हलतही नाही, त्याने पिसवा तळाशी पडतात. म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा एखादे रसायन पाण्याला किती घातक हे ठरवताना आधी डॅफ्नियावर चाचणी घेतात. शेततळ्याच्या काठावर पंप धुतला, डबा खंगाळला, किंवा फवारलेल्या शेतातून पहिल्या पावसाचे पाणी तळ्यात आले, की त्या हंगामाचे जिऱ्यांचे अन्न संपले. तळे वरून जसेच्या तसे दिसते. मासे पोहतात. काय झाले ते कळतच नाही.

आणि जो पंप पाठीवर घेतो त्याचे काय? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले, अनेक दवाखान्यात पडले. हातमोजे, तोंडाला फडके, काहीच नव्हते. रोजाने फवारणीला जाणारे हात बहुतेक भूमिहीनांचे असतात, आपल्या वस्तीतले असतात. तळ्याच्या काठी पंप धुऊ नका हे सांगताना मालकाने मजुराला साबण-पाणी आणि वेगळी जागा दिली पाहिजे हेही सांगावे लागेल. नुसते मजुराला दटावून चालणार नाही.

तांब्याचीही अशीच गोष्ट. तांब्याच्या हंड्यातले पाणी आपण आरोग्याचे मानतो. पाणपिसवांना तांबे फार लवकर बाधते. त्यांच्यासाठी माती, सिमेंट किंवा प्लॅस्टिकचे भांडे वापरावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही त्यांना मारते. ते पाणी उघड्या भांड्यात दोन दिवस उन्हात ठेवून मग घ्यावे. मुंबईत चाळीत, खोलीच्या कोपऱ्यात गप्पी किंवा फायटर मासे वाढवणाऱ्या आपल्या तरुणांनीही हे लक्षात घ्यावे. पहिल्या आठवड्यात पिल्ले जातात त्याला बहुधा नळ आणि उपास हीच दोन कारणे असतात.

घरच्या घरी पिसवा

तळे नसले तरी भगिनींना घराच्या सावलीत दोनशे लिटरच्या पिंपात मॉयना वाढवता येते. उन्हात मुरवून हिरवे झालेले पाणी अर्धे, साधे पाणी अर्धे. शेंगदाण्याची पेंड एक दिवस भिजवून तिचे नुसते वरचे पाणी थोडे थोडे द्यावे. सकाळी पाणी निवळ दिसले तर आणखी द्यावे, गढूळ आणि वास मारणारे दिसले तर दोन दिवस काही देऊ नये. तळ्यातील एक वाटीभर पिसवा आणून सोडाव्यात. आठवड्याभरात पिंप हालते दिसते. रोज चौथा हिस्सा गाळून काढावा, न काढल्यास दाटी होऊन सगळ्या एकदम बसतात. घाटाखाली वैशाखात पाणी तापते, तेव्हा पिंपावर ओले पोते टाकावे. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून तोंड जाळीच्या कापडाने बांधावे.

कुणी विचारील, पंचशील घेतलेल्या घराने हे करावे काय? पाणातिपाता वेरमणी म्हणायचे आणि मासे विकायचे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. बौद्ध धम्मात मांसाचा व्यापार उपासकाने टाळावा असे सांगितले आहे, हे खरे. डॉ. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची हाव आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असे मांडले आहे. ज्या घरात महिन्याचे धान्य पुरत नाही त्या घराने हा भेद स्वतः तोलावा. ज्यांचे मन घेत नाही त्यांनी शोभेचे मासे किंवा डासांच्या अळ्या खाणारे गप्पी वाढवावेत. पाण्याचे शास्त्र दोन्हीकडे तेच.

आपल्याकडे पाण्याचा प्रश्न कधी नुसता शास्त्राचा नव्हता. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर जे झाले ते सांगायला नको. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या नद्या, धरणे, जलमार्ग यांच्या धोरणाची पायाभरणी केली. तळ्याला हात लावण्यापासून नद्यांच्या नियोजनापर्यंत एका माणसाने मजल मारली. आज मात्र गावतळ्यांचे आणि धरणांचे मासेमारीचे ठेके आपल्या वस्तीपर्यंत क्वचितच पोचतात. पिढीजात मच्छीमार भोई बांधवांचा त्यावर हक्क आहे आणि तो असावा. पण जिरे वाढवून बोटुकली तयार करण्याला मोठे धरण लागत नाही. दोन-तीन गुंठे पाणी आणि पंधरा दिवस लागतात. ही बोटुकली त्याच भोई बांधवांच्या संस्था विकत घेऊ शकतात. भूमिहीन घरांच्या बचत गटाला शेततळ्याच्या मालकाशी वाट्याने करार करता येतो. करार कागदावर असावा, आणि पंप तळ्यावर धुणार नाही ही अट त्यात लिहून घ्यावी.

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी प्रकल्प खर्चाच्या 60 टक्के, तर इतरांसाठी 40 टक्के साहाय्याची तरतूद ठेवली गेली. योजना बदलत राहतात, तेव्हा सध्या काय लागू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. 1990 च्या दुरुस्ती कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या. तरी दाखल्याच्या नमुन्यावरून अर्ज परत येतात. दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. पाणी तपासणीसाठी जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करावी. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून तोंडापर्यंत भरावी आणि त्याच दिवशी पोचवावी. सामू, क्षार आणि अमोनिया हे तिन्ही आकडे मागावेत. नुसते ‘पाणी चांगले आहे’ असे उत्तर घेऊन परतू नये.

हंगाम संपला, तळे आटले की एक काम राहते. तळाचा वरचा बोटभर गाळ सावलीत वाळवून एका गोणीत भरून ठेवावा. त्यात पिसवांची टणक अंडी झोपलेली असतात. पुढच्या मृगात तळ्यात पावसाचे पाणी साठले की तो गाळ काठाकाठाने शिंपडावा. ज्या तळ्यात पिसवा चांगल्या झाल्या होत्या त्याचाच गाळ घ्यावा, आणि गोणी खताच्या किंवा औषधाच्या खोलीत ठेवू नये.